पाठीचा बाक आणि संगणकाचा सल्ला

शिवणकाम करणाऱ्या बायकांची नजर मोठी तीक्ष्ण असते. आईला रोज समोर असून जे दिसत नाही, ते त्यांना माप घेताना टेपवर दिसतं. पुण्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय, त्याची सुरुवात अशीच आहे. तेरा वर्षांच्या लेकीचा परकर-पोलका गणपतीसाठी शिवायला टाकला. शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, हिचा उजवा खांदा वर आहे. पाठीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा मोठा बेतावा लागतोय." तिथून डॉक्टर, डॉक्टरांकडून एक्स-रे, आणि एक्स-रेवरून निदान झालं : स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूचा बाक. कोन ५२ अंश. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली.

पत्रात पुढे लिहिलंय, "डॉक्टर म्हणतात, आधी कॉम्प्युटरवर तिचा कणा तयार करू, कुठून कुठपर्यंत सळया घालायच्या ते त्यावर बघू. सासूबाई म्हणतात, पोरीच्या पाठीला सुरी लावू नका, उद्या लग्न कसं होणार? शेजारच्या म्हणतात, आसनं करवा. मला एवढंच कळत नाही, ज्या यंत्राने माझ्या मुलीला कधी चालताना पाहिलं नाही, ते तिच्या पाठीचं काय ठरवणार?"

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं : यंत्र काही ठरवत नाही, आणि त्याला ठरवू देऊही नये. पण ठरवणाऱ्याला एका गोष्टीत ते फार मदत करतं. मुलीच्या पाठीचा किती भाग कायमचा ताठ करावा लागेल आणि किती मोकळा ठेवता येईल, ते आधी तपासून बघता येतं. हा प्रश्न आईनेही डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. तो नीट विचारता यावा म्हणून आजचा हा लेख.

उतरंड कलते कशी?

आपल्या आज्या-पणज्यांच्या माजघरात मडक्यांची उतरंड असायची. खाली मोठं मडकं, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान. कण्याची रचना तशीच आहे. मानेत ७ लहान मणके, छातीच्या मागे १२ मध्यम, कमरेत ५ चांगले दणकट, आणि खाली माकडहाडापर्यंत एकमेकांना जुळून गेलेले. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, म्हणून आपण वाकतो आणि वळतो.

बाजूने पाहिलं तर निरोगी कणाही सरळ नसतो. मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत पुन्हा आत, असा त्याला डौल असतो. मागून पाहिलं तर मात्र तो ओळंब्यासारखा सरळ दिसायला हवा. मागून पाहताना तो एका बाजूला १० अंश किंवा त्याहून जास्त झुकला, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हा कोन एक्स-रेवर रेषा मारून मोजतात. मोजण्याची रीत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली, म्हणून त्याला कॉबचा कोन म्हणतात.

पण नुसता बाजूचा झुकाव म्हणजे सगळा बाक नव्हे. ओली साडी पिळताना ती जशी वाकते आणि फिरतेही, तसे मणके झुकतात आणि स्वतःभोवती फिरतातही. त्यांच्याबरोबर बरगड्या फिरतात. म्हणून पाठीची एक बाजू फुगीर दिसते, आणि म्हणूनच पोलक्याचा एक भाग मोठा बेतावा लागतो.

दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींत शंभरात दोघा-तिघांना थोडाफार बाक असतो. बारीकसारीक बाक मुलगे आणि मुली दोघांत सापडतो. मोठ्या बाकाचं प्रमाण मात्र मुलींत कितीतरी जास्त आहे. दहापैकी आठ वेळा त्याचं निश्चित कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने, वाकडं बसल्याने किंवा एका कुशीवर झोपल्याने हा बाक येत नाही. तेव्हा भगिनींनो, "माझंच लक्ष नव्हतं, मीच तिला जड दप्तर दिलं" असं मनाला लावून घेऊ नका.

बाक वाढतो मात्र उतरंडीच्या न्यायाने. उतरंड एकदा कलली की कललेल्या बाजूवर भार जास्त येतो. वाढत्या हाडाची ज्या बाजूला दाब जास्त, ती बाजू कमी वाढते, दुसरी भराभर वाढते, आणि मणका पाचरीसारखा होतो. त्यामुळे बाक आणखी वाढतो. हे चक्र गणितात मांडून संगणकावर चालवून बघण्याचं काम अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात इयन स्टोक्स यांनी बरीच वर्षं केलं. आपण त्यातून एवढं घ्यायचं की मुलीची उंची ज्या काळात झपाट्याने वाढते तोच धोक्याचा काळ. तो पाळी सुरू होण्याच्या आधीच्या सहा महिने ते वर्षभरात सर्वांत जोराचा असतो, आणि पाळी आल्यावर साधारण दोन वर्षांत ओसरतो.

सरळ पाठ आणि कामाची पाठ

कुब्जेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. श्रीकृष्णाने तिचे पाय आपल्या पायाने दाबून धरले, हनुवटीला दोन बोटं लावली आणि वर उचललं, की कुब्जा सरळ. गोष्टीतला हा उपाय शस्त्रक्रियेच्या इतिहासात खरोखर आला. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांवर उपचार करत. त्यांनी पोलादी सळई कण्याच्या वर आणि खाली आकड्यांनी अडकवून कणा ताणायची पद्धत काढली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याआधी मुलांना महिनोन् महिने प्लास्टरमध्ये राहावं लागे. त्या मानाने ही फार मोठी सोय झाली आणि जगभर तिचा वापर झाला.

पुढे वर्षं गेली तसा त्यातला दोष दिसला. ओढून सरळ करताना कमरेचा आतला डौलही सपाट होई. सळई कमरेत खूप खालपर्यंत गेली असेल, तर चाळिशीच्या आसपास काही बायकांना ताठ उभं राहता येईना, पुढे झुकून चालावं लागे, कंबर दुखे. मागून फोटोत पाठ सरळ होती, पण दिवसभराच्या कामाला ती साथ देईना. १९८० नंतर फ्रान्समधल्या कोत्रेल आणि द्यूबूसे यांनी दोन सळया वापरून बाक फिरवत दुरुस्त करण्याची पद्धत आणली. मग प्रत्येक मणक्यात वेगळा स्क्रू घालण्याची पद्धत रुळली. आता मणका वर उचलता येतो, फिरवता येतो, मागेपुढे घेता येतो.

पण सोयी वाढल्या तसे पर्यायही वाढले. कितव्या मणक्यापासून कितव्यापर्यंत? किती स्क्रू? सळईला आकार कोणता? कोणती सळई आधी? खांदे समपातळीत कसे येतील? कॅनडात माँट्रियलला कार्ल-एरिक ओबँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलींचे एक्स-रे वेगवेगळ्या अनुभवी सर्जनांपुढे ठेवून त्यांचे बेत मागवले. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण तेच, पण बेतांमध्ये बराच फरक पडला. याचा अर्थ डॉक्टरांना कळत नाही असा मुळीच नाही. एकाच बाकावर एकाहून अधिक वाजवी उपाय असू शकतात, हा त्याचा अर्थ. मग त्यातला कोणता या मुलीला बरा? इथे संगणकाची गरज लागते.

संगणकावर कणा कसा तयार होतो?

मुलीला उभं करून समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे घेतात. दोन्हींवर प्रत्येक मणक्याच्या ठरावीक जागा खुणेने दाखवतात. दोन दिशांनी पाहिलेल्या त्या खुणांवरून संगणक प्रत्येक मणका जागेवर, त्याच्या कलासकट आणि पिळासकट बसवतो. काही यंत्रांत दोन्ही एक्स-रे एकाच वेळी आणि कमी किरणांत निघतात. त्यामागचा कण टिपण्याचा शोध जॉर्ज शार्पाक यांचा. त्यांना १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

एवढ्याने फक्त आकार मिळाला. कणा किती लवचीक आहे, ते अजून कळलेलं नाही. ते कळण्यासाठी मुलीला उजवीकडे आणि डावीकडे वाकवून आणखी एक्स-रे घेतात. वाकताना जो बाक आपोआप कमी होतो तो लवचीक, जो हटत नाही तो आडमुठा. मग मणक्यांमधल्या गाद्या, शिरा-बंधनं आणि सांधे यांना त्या मानाने ताठरपणाचे आकडे देतात. संगणकातला कणाही मुलीइतकाच वाकतो की नाही हे पडताळतात. नाही वाकला तर आकडे बदलून पुन्हा बघतात.

हाडाच्या आत कुठे किती ताण येतो हे बघायचं असेल, तर आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी युक्ती करतात. हाडाचे हजारो बारीक चौकोन-त्रिकोण पाडायचे, शेजारचे ठिपके एकमेकांना जोडायचे, आणि एका ठिपक्यावर जोर दिला की बाकीच्यांवर काय परिणाम होतो ते गणिताने काढायचं. पूल आणि विमानं बांधणारे इंजिनिअर हीच रीत वापरतात.

मग शस्त्रक्रिया 'करून' बघायची. एका बेतात अकरा मणके जखडले, दुसऱ्यात नऊ. पहिल्यात कोन किती उरला, दुसऱ्यात किती? खांदे कुठे आले? कमरेचा डौल राहिला का? कोणत्या स्क्रूवर इतका जोर येतोय की तो हाडातून निसटेल? कागदावर बेतून मग कापडाला कात्री लावावी, तसं हे आहे. शिवणारी कोणतीही बाई सांगेल, कागद चुकला तर दुसरा घेता येतो.

इथेच तुमच्या मुलीचा खरा लाभ आहे. शस्त्रक्रियेत ज्या मणक्यांना सळई लावतात त्यांच्यावर हाडाचा चुरा पसरून ते एकमेकांशी कायमचे जुळू देतात. सळई फक्त तोवर धरून ठेवते, खरं काम जुळलेलं हाड करतं. जुळलेला भाग पुन्हा वाकत नाही. छातीमागचे मणके तसेही फार हलत नाहीत, बरगड्यांनी ते बांधलेले असतात. कमरेचे पाच मणके मात्र वाकण्याचं मुख्य काम करतात. केर काढायला, खाली बसून रांगोळी घालायला, वाकून तान्हं बाळ उचलायला तेच लागतात. म्हणून कमरेतला एखादा मणका मोकळा राहणं ही मोठी कमाई आहे. पण हावरटपणाही नको. फार लवकर थांबलं, तर उरलेला बाक खाली पसरतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. ही सीमा कुठे घालायची याचा अंदाज नीट बांधणं, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

पुण्याला संगणक नवा नाही

संगणक म्हटलं की जुन्या पुणेकरांना विद्यापीठाच्या आवारातलं सी-डॅक आठवतं. ती संस्था १९८८ मध्ये सुरू झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तिथे तयार झाला. पुढे २००७ मध्ये पुण्यातल्याच टाटांच्या 'एका' या यंत्राचा जगात चौथा क्रमांक लागला होता. आज एका मुलीच्या कण्याची नक्कल करायला एवढं मोठं यंत्र लागतंच असं नाही. चांगल्या मेजावरच्या संगणकावरही बरंच काम होतं.

हाडांच्या उपचारातही आपलं शहर जुनं आहे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं. शिवाजीनगरचं डॉ. कांतिलाल संचेती यांचं रुग्णालय १९६५ पासूनचं. डॉ. संचेतींनी 'इंडस' नावाचा गुडघ्याचा कृत्रिम सांधा तयार केला, त्यामागचा विचार इथे फार उपयोगी आहे. भारतीयांच्या गुडघ्याचं माप वेगळं, आणि आपल्याला गुडघा जास्त वाकवायला लागतो. आपण जमिनीवर बसतो, मांडी घालतो. तेव्हा सांधाही तसा हवा.

कण्यालाही हेच लागू. संगणकाला हाडांची मापं कळतात. मुलगी जमिनीवर बसून अभ्यास करते, भरतनाट्यम् शिकते की खो-खो खेळते, पुढे तिला काय करायचं आहे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ते डॉक्टरांना सांगणं तुमच्याकडे आहे. संकोच करू नका.

यंत्राला न कळणारं

आणखीही काही मर्यादा आहेत. एक्स-रेवर कोन मोजताना दोन वेळच्या मोजमापात पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून बाक तीन अंशांनी वाढला असं ऐकून रात्रभर जागू नका. तीन अंशांनी कमी झाला म्हणून पेढेही वाटू नका. नक्कल करताना गाद्यांच्या ताठरपणाचे आकडे अंदाजाचे असतात. भूल दिलेल्या मुलीचे स्नायू सैल असतात, जागेपणी ते पुन्हा आपापल्या दिशेने ओढतात. आणि पुढच्या दोन वर्षांत ती किती वाढेल हे अजून कोणालाच नेमकं सांगता येत नाही.

शिवाय डॉक्टर 'कॉम्प्युटर' म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही असू शकते. एक, नुसतं मोजणं : एक्स-रेवरचे कोन आणि कण्याची प्रतिकृती. दोन, वाट दाखवणं : शस्त्रक्रिया चालू असताना स्क्रू नेमका कुठून जातोय ते पडद्यावर दिसणं. तीन, आधी करून बघणं, जे मी वर सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी आता बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत रुळल्या आहेत. तिसरी अजून रोजच्या वापरात सगळीकडे नाही. ती नसली म्हणून शस्त्रक्रिया वाईट होते, असंही नाही. अनुभवी हात आणि वाकवून घेतलेले एक्स-रे यांच्यावरही उत्तम बेत आखता येतो.

डॉक्टरांना हे विचारा

कागदावर लिहून न्या. दवाखान्यात गेलं की अर्धे प्रश्न विसरतात.

१. शस्त्रक्रिया का, आणि आत्ताच का? वाढ संपल्यावर ३० अंशांच्या आतला बाक बहुधा तिथेच थांबतो. ५० अंशांच्या पुढचा वाढ संपल्यावरही हळूहळू, वर्षाला साधारण एखाद अंशाने वाढत राहतो. म्हणून ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करतात. हा बाक बहुधा तातडीचा नसतो. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेण्याइतका वेळ असतो, तो जरूर घ्या.

२. कोणता मणका ते कोणता मणका जोडणार? कमरेतले किती मोकळे राहतील? एक मणका आणखी वाचवता येईल का, आणि वाचवला तर धोका काय?

३. बाजूने पाहिल्यावर कमरेचा डौल कसा राहील?

४. तुमचा कॉम्प्युटर वरच्या तीन कामांपैकी कोणतं करतो?

५. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं यंत्र वापरता का? पायांकडे जाणारे संदेश नीट जातायत की नाही ते त्यावर सतत कळतं. अशा वयातल्या अशा बाकात मज्जारज्जूला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. तरी हा प्रश्न विचारायचाच.

६. एक्स-रे पाठीकडून घेता येईल का? किरण मागून आले तर वाढत्या स्तनांवर त्यांचा मारा बराच कमी होतो. पूर्वी ज्या मुलींचे वर्षानुवर्षं खूप एक्स-रे काढले गेले, त्यांच्यात पुढे स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं होतं. आताची यंत्रं कमी किरणांची आहेत. तरी जुने सगळे एक्स-रे जपून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा काढावे लागणार नाहीत.

खर्चाची काळजी असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. विचारायला लाजू नये.

सासूबाईंशी आणि शेजारणीशी

सासूबाईंच्या भीतीला हसू नका. त्यांच्या तरुणपणी पाठीच्या शस्त्रक्रियेची जी ख्याती होती, त्यावरून त्या बोलतात. त्यांना शांतपणे सांगा की बाक असलेल्या आणि शस्त्रक्रिया झालेल्या मुलीही पुढे नोकऱ्या करतात, संसार करतात, बाळंत होतात. बाळंतपणात कण्यात भुलीचं इंजेक्शन द्यायचं झालं, तर आधी डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे कागद दाखवायचे, एवढं लक्षात ठेवायचं. आणि लग्नासाठी बाक लपवायचा, दुपट्टा घेऊन फोटो काढायचा, असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. जे लपवायला शिकवलं जातं त्याची मुलीला जन्मभर लाज वाटत राहते. शस्त्रक्रिया तिच्या पाठीसाठी करायची. बघायला येणाऱ्या मंडळींसाठी नव्हे.

शेजारच्या म्हणतात तेही सगळं चूक नाही. शिवाजीनगरला १९७५ मध्ये सुरू झालेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या संस्थेने दोर, पट्टे आणि विटा वापरून आसनं शिकवायची रीत जगभर नेली. जाणत्या शिक्षकाकडे केलेल्या आसनांनी पाठीचे स्नायू बळकट होतात, श्वास सुधारतो, दुखणं कमी होतं. मात्र ५२ अंशांवर पाचर झालेली हाडं आसनांनी सरळ होत नाहीत. त्या आशेवर वाढीची दोन वर्षं घालवू नका.

बाक २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असता आणि वाढ शिल्लक असती, तर पट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा उपाय होता. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. पट्टा वापरलेल्यांपैकी शंभरात ७२ जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीखाली राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ जणांचा. दिवसाला तेरा तास किंवा जास्त पट्टा घालणाऱ्यांत तर दहापैकी नवांहून जास्त जणांना यश आलं. पण त्यासाठी बाक वेळेवर सापडायला हवा. म्हणून शेवटचा भाग सगळ्या आयांसाठी.

पाठ कशी बघावी?

दहा वर्षांपुढच्या मुलीची पाठ दर सहा महिन्यांनी एकदा बघा. रविवारी न्हाणं झालं की दोन मिनिटांचं काम. पातळ पोलकं किंवा बनियन असावं, उजेड चांगला असावा. ती पाय जुळवून तुमच्याकडे पाठ करून उभी राहू दे.

- दोन्ही खांदे समपातळीत आहेत का?
- एका बाजूचा खांद्याचा फरा बाहेर आलाय का?
- हात सैल सोडल्यावर कमरेशी दोन्हीकडे सारखी फट दिसते का?
- परकर नेहमी एका बाजूला वर चढतो का?

मग तिला गुडघे न वाकवता, तळहात जुळवून, ओणवं व्हायला सांगा. तुम्ही मागे बसून तिची पाठ क्षितिजासारखी डोळ्यांच्या रेषेत बघा. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ही चाचणी इंग्लंडच्या विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, आणि आजही डॉक्टर सुरुवात तिथूनच करतात. बाक असून पाठ सतत दुखत असेल, रात्री दुखून झोपमोड होत असेल, पायांत अशक्तपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा. शाळेत डॉक्टर तपासणीला येतात तेव्हा बाईंना चिठ्ठी पाठवा : माझ्या मुलीची पाठही बघा.

आणि बघताना चेहऱ्यावर काळजी आणू नका. या वयात मुलींना आपल्या शरीराची आधीच चोरी वाटत असते. "उंची बघू या, किती वाढलीस" म्हणावं आणि पाठही बघून घ्यावी. धाकट्या बहिणी असतील तर त्यांचीही बघा, कारण हा बाक घराण्यात पुन्हा दिसू शकतो.

आमच्या वाचक भगिनीने प्रश्नांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं, जाताना लेकीलाही बरोबर न्यावं, आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. तेरा वर्षांची मुलगी काय विचारेल, हे आपल्याला आधी सुचत नाही. पुन्हा पोहता येईल का, उंची वाढेल का, व्रण किती मोठा दिसेल, हे तिला जाणून घ्यायचं असतं. डॉक्टर काय म्हणाले ते आम्हाला जरूर कळवा. इतर आयांनाही त्याचा उपयोग होईल.